कोकराचा कान काय सांगतो?
कोकरांच्या त्वचा व कानांच्या विकारांचे कारण ओळखण्याची पद्धत

पिकावर फवारणी करण्यापूर्वी कीड ओळखावी, हे तत्त्व आता गावोगावी रुजले आहे. तुडतुड्यांसाठीचे औषध बोंडअळीवर चालत नाही, हे कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र त्याच शेतकऱ्याच्या वाड्यातील कोकरू डोके झटकू लागले, त्याचे कान जाड झाले किंवा केस गळू लागले, की ‘खरूज झाली’ असा निष्कर्ष काढला जातो आणि सर्व कोकरांना एकच इंजेक्शन दिले जाते. त्याने गुण आला नाही तर तेच इंजेक्शन पुन्हा दिले जाते. या लेखात कोकरांच्या कानांच्या व त्वचेच्या विकारांची कारणे पायरीपायरीने कशी ओळखावीत, याची माहिती दिली आहे. विस्तार कार्यकर्त्यांना गावभेटीत आणि पशुपालकांना स्वतःच्या वाड्यात ही पद्धत वापरता येईल. येथे कोकरांविषयी सांगितलेले बहुतेक सर्व करडांनाही लागू पडते.

एका कळपाचा अनुभव

कच्छमधील पशुपालक आपले कळप घेऊन विदर्भात आणि छत्तीसगडच्या मैदानी भागात येतात. भाताची कापणी झाली की खतासाठी त्यांच्या मेंढ्या शेतात बसविल्या जातात. कापणीपूर्वी मात्र शिवारात भात उभा असतो आणि कळपांना बांध, गावकुसाबाहेरची पडीक जमीन व कुंपणे यांवरच भागवावे लागते. अशाच दिवसांत रायपूर परिसरातील एका कळपात काही कोकरांचे कान सुजून खाली लोंबू लागले, कानांच्या कडांवर खपल्या धरल्या आणि दोन कोकरे दगावली. मेंढपाळाने गोचीड व खरजेचे इंजेक्शन दोनदा दिले होते. कीटकशास्त्रज्ञ म्हणून मला बोलावणे आले, तेव्हा मीही मनाशी खरूजच धरून गेलो होतो.

तीन कोकरांच्या कानांवरील खरवड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एकही कोळी, एकही अंडे आढळले नाही. मी चौथ्या कोकराकडे वळलो, तेव्हा मेंढपाळाच्या घरच्या एका वृद्ध बाईंनी सहज विचारले, की काळ्या कानांच्या पिलांना हे का होत नाही? मी पुन्हा कळप पाहिला. त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. ज्यांचे कान व तोंड पांढरे, तीच कोकरे आजारी होती. काळ्या-तपकिरी कानांची कोकरे त्याच वाड्यात, त्याच आयांजवळ राहून निरोगी होती. गोचीड किंवा कोळी कानाचा रंग पाहून चावत नाहीत. आजारी कोकरांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर झाला होता आणि कळप ज्या कुंपणालगत चरत होता, ते कुंपण घाणेरीचे होते.

घाणेरीतील विषाने यकृताला इजा होते व पित्ताचा निचरा थांबतो. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारा फायलोएरिथ्रिन हा पदार्थ एरवी पित्तावाटे बाहेर पडतो. आता तो रक्तात साचतो. उन्हाचा प्रकाश रंगहीन त्वचेवर पडला की या पदार्थामुळे ती त्वचा अक्षरशः भाजते. कान, नाकपुडी, पापण्या हे कमी केसांचे भाग आधी सुजतात. स्थानिक मेंढ्या सहसा घाणेरी टाळतात. परक्या मुलखातून आलेली आणि भुकेली जनावरे ती खातात. या कळपाला इंजेक्शनाची नव्हे, तर सावलीची, चारा बदलण्याची आणि यकृतावरील उपचारांची गरज होती. पशुवैद्यकांच्या उपचारांनंतर बहुतेक कोकरे सावरली. काहींच्या कानांची टोके मात्र झडून गेली.

या अनुभवातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भिंगाखाली काहीही न दिसणे हीदेखील एक नोंदच असते. त्यानंतर औषध वाढवू नये, कारण बदलून पाहावे.

पहिली पायरी : कोकरू पकडण्यापूर्वी कळप पाहावा

कळप स्वस्थ असताना दहा-पंधरा मिनिटे दुरून पाहावे आणि पुढील पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत.

१. खाज आहे का? खांबाला अंग घासणे, मागच्या पायाने कान खाजवणे, स्वतःची लोकर चावणे ही खाजेची चिन्हे होत. खरूज, उवा व पिसवा यांत खाज असते. देवी, मावा व गजकर्ण यांत ती नसते किंवा अल्प असते.

२. किती जनावरांना त्रास आहे? केवळ कोकरांना, की आयांनाही? एका कोकरापासून सुरुवात होऊन काही आठवड्यांत त्रास पसरला असेल तर संसर्गाचा संशय घ्यावा. एकाच दिवशी अनेक कोकरे आजारी पडली असतील तर चारा, ऊन किंवा विषबाधा यांचा विचार आधी करावा.

३. शरीराच्या कोणत्या भागावर? लोकरीच्या भागावर, की लोकर नसलेल्या भागावर?

४. केव्हापासून? पावसाळ्यात गोचीड व जखमेतील अळ्या, पावसाळ्याच्या शेवटी व त्यानंतर नीलजिव्हा, थंडीत उवा व खरूज यांचे प्रमाण अधिक असते.

५. अलीकडे काय बदलले? नवी जनावरे विकत आणली का, दुसऱ्या कळपाशी मिसळ झाली का, वाड्याची जागा किंवा चराई बदलली का, कानात बिल्ले मारले का?

दुसरी पायरी : कानाचे चार भाग

कोकराचा कान हा निदानासाठी सर्वांत सोयीचा अवयव आहे. त्याची त्वचा पातळ असते, केस कमी असतात आणि तो हातात धरून उजेडात पाहता येतो. कानाची पाहणी चार भागांत करावी.

कानाची कड व टोक : येथे जाड, राखाडी, घड्या पडलेली त्वचा व घट्ट खपल्या असतील, त्याच वेळी ओठ, नाकपुड्या व डोळ्यांभोवतीही तसाच बदल असेल आणि तीव्र खाज असेल, तर सार्कोप्टिस या कोळ्यामुळे होणाऱ्या खरजेचा संशय घ्यावा. हा कोळी त्वचेत बोगदे करून राहतो. मेंढ्यांमध्ये तो लोकरीचा भाग टाळून कमी केसांच्या भागावर वाढतो. कड सुजलेली, लाल व ओलसर असेल, खाजेपेक्षा वेदना अधिक असेल आणि केवळ पांढऱ्या त्वचेवरच परिणाम असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे उन्हामुळे त्वचा भाजल्याचा विचार करावा. रिकाम्या जमिनीवर वाढणाऱ्या सराट्यामुळेही, म्हणजे काटे गोखरूमुळेही, असा विकार होतो. दक्षिण आफ्रिकेतील मेंढपाळ त्याला ‘पिवळे जाड डोके’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

कानाची आतली पाळी : हे गोचिडांचे आवडते ठिकाण होय. आपल्याकडे मेंढ्यांवर प्रामुख्याने हिमाफायसॅलिस, ऱ्हिपिसेफॅलस व हायलोमा या प्रजातींचे गोचीड आढळतात. रक्त पिऊन फुगलेली मादी सहज दिसते. परंतु मोहरीच्या दाण्याहून लहान असलेली पिल्ले बोट फिरवल्यावरच जाणवतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला सहा पाय असतात, त्यापुढील अवस्थांना आठ. याच पाळीवर टणक, गोल, न खाजणाऱ्या गाठी असतील, कोकराला ताप असेल आणि शेपटीखाली व जांघेतही तशाच गाठी दिसत असतील, तर तो गोचिडांचा दंश नसून देवीचा आजार असू शकतो. अशा कोकरास तत्काळ वेगळे करावे.

कानाची नळी : कोकरू सतत डोके झटकत असेल, मान एका बाजूला कलती धरत असेल किंवा कानाला दुर्गंधी येत असेल, तर टॉर्चच्या उजेडात नळी पाहावी. सोरोप्टिस जातीचे कोळी नळीत राहून थरावर थर अशा कोरड्या, पापुद्र्यासारख्या खपल्या तयार करतात. करडांमध्ये हा प्रकार विशेष आढळतो. ओटोबियस मेग्नीनी हा मऊ शरीराचा काटेरी कर्ण-गोचीड भारतातही नोंदविला गेला आहे. त्याच्या केवळ अपूर्ण अवस्था कानात खोलवर राहतात. प्रौढ गोचीड रक्त पीत नाही आणि भिंतीच्या व दगडांच्या फटींत राहतो. त्यामुळे बाहेरून काहीच न दिसताही कान दुखत असतो. नळीत काडी किंवा चिमटा खोल घालू नये. कानाच्या पडद्याला इजा होण्याची शक्यता असते.

बिल्ल्याचे छिद्र : ओळखीचे बिल्ले मारणे आवश्यकच आहे, पण प्रत्येक बिल्ला ही एक लहानशी जखम असते. क्रायसोमिया बेझियाना ही माशी ताज्या जखमेच्या काठावर एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. साधारण एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांस पोखरत आत शिरतात. पाच ते सात दिवसांत त्या पूर्ण वाढून जमिनीवर पडतात व मातीत कोषावस्थेत जातात. म्हणून बिल्ला मारल्यानंतर निदान आठवडाभर दररोज छिद्र पाहावे. रक्तमिश्रित पाणी, दुर्गंधी व कान सतत खाली पाडणे ही अळ्यांची पहिली लक्षणे होत. काढलेल्या अळ्या मातीत टाकू नयेत; रॉकेलमध्ये किंवा उकळत्या पाण्यात टाकून माराव्यात, अन्यथा त्यांच्याच माशा होऊन परत येतात. शक्य असल्यास बिल्ले मारणे, खच्चीकरण व शेपूट कापणे ही कामे माश्यांच्या भर हंगामात करू नयेत आणि केल्यास जखमेवर जंतुनाशक व माश्या दूर ठेवणारे मलम लावावे. गोचीड ओढून काढताना झालेली जखम व नवजात कोकराची नाळ यांनाही हाच धोका असतो.

तिसरी पायरी : अंगावरील त्वचा

कोकराला उन्हात धरून मान, खांदे, पाठ व बगला अशा किमान दहा ठिकाणी लोकर दोन्ही हातांनी विभागून पाहावी.

लोकरीच्या मुळाशी दीड-दोन मिलिमीटर लांबीचे, हळू चालणारे किडे आणि केसांना चिकटलेल्या लिखा दिसल्यास त्या उवा होत. उवांचे दोन प्रकार ओळखणे महत्त्वाचे आहे. रुंद डोक्याच्या, तपकिरी, त्वचेचा कोंडा कुरतडणाऱ्या उवा. आणि निमुळत्या डोक्याच्या, निळसर, रक्त पिणाऱ्या उवा. दुसऱ्या प्रकारात लहान कोकरांना रक्तक्षय होतो. इंजेक्शनाद्वारे दिलेले औषध रक्तातून पसरते. म्हणून ते रक्त पिणाऱ्या उवांवर चालते, कुरतडणाऱ्या उवांवर मात्र त्याचा परिणाम अपुरा असतो. त्यांच्यासाठी अंगावर लावायचे औषधच लागते.

लोकरीच्या भागावर, विशेषतः खांदे, पाठ व कुशीवर लोकर गळून पिवळसर ओल्या खपल्या धरल्या असतील आणि तेथे हाताने खाजवताच कोकरू ओठ हलवू लागत असेल, तर सोरोप्टिसची खरूज संभवते. हा रोग अतिशय वेगाने पसरतो. ब्रिटनने कसोशीने प्रयत्न करून १९५२ मध्ये त्याचे उच्चाटन केले होते. १९७३ मध्ये तो तेथे परत आला. एका कळपाने उपचार केला आणि शेजारच्या कळपाने केला नाही, तर काय होते याची त्यातून कल्पना येईल.

अंगावर काहीच सापडत नाही, तरी कोकरे बेचैन व फिकट आहेत, अशी स्थिती असेल तर सायंकाळी नडगीला पांढरे कापड गुंडाळून वाड्यात पाच मिनिटे फिरावे. कापडावर काळे उडणारे ठिपके दिसले तर त्या पिसवा होत. पिसवांची अंडी, अळ्या व कोष लेंड्यांच्या भुग्यात वाढतात. कोकराला कितीही औषध लावले आणि वाडा झाडला नाही, तर पिसवा हटत नाहीत.

कान व तोंड सुजले आहे, ओठ व जीभ लाल-निळसर झाली आहे, नाकातून स्राव येतो, ताप आहे आणि कोकरू लंगडते, अशी लक्षणे एकत्र असल्यास नीलजिव्हा रोगाचा विचार करावा. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ मध्ये महाराष्ट्रातूनच झाली. तो क्युलिकॉइड्स नावाच्या अतिसूक्ष्म चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो. त्या ओल्या शेण-चिखलात वाढतात व सायंकाळनंतर चावतात. त्यामुळे दिवसा पाहणी करणाऱ्यास कोकरावर काहीच सापडत नाही.

चौथी पायरी : नमुना घेणे

खरजेचा नमुना जखमेच्या मध्यातून घेऊ नये. जुन्या खपलीत कोळी क्वचितच असतात. ते निरोगी व रोगट त्वचेच्या सीमेवर असतात. बोथट पात्याला लिक्विड पॅराफिन लावून त्या सीमेवर हलकेच खरवडावे. सार्कोप्टिससाठी रक्ताचे बारीक थेंब पाझरेपर्यंत खरवडणे आवश्यक असते. किमान तीन कोकरांचे नमुने झाकणाच्या स्वच्छ बाटलीत घ्यावेत. सूक्ष्मदर्शक नसल्यास खरवड काळ्या कागदावर पसरून थोडा वेळ सौम्य उन्हात ठेवावी आणि भिंगाने पाहावी. सोरोप्टिस हलताना दिसू शकतो. सार्कोप्टिस त्याहून लहान असल्याने त्यासाठी सूक्ष्मदर्शकच हवा. एका तपासणीत कोळी न सापडल्यास खरूज नाहीच असे ठरत नाही. लक्षणे जुळत असतील तर पुन्हा नमुना घ्यावा.

गोचीड चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ ओढावेत व सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी. शाईची अक्षरे पुसली जातात. गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नयेत. हायलोमा गोचिडांमार्फत पसरणारा क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप २०११ मध्ये गुजरातमध्ये माणसांत आढळला होता.

कीटक व गोचीड यांखेरीजची कारणे

गोल, राखाडी, कोरडे चट्टे तोंडावर व कानांवर असतील आणि खाज अल्प असेल तर बुरशीमुळे होणारे गजकर्ण असू शकते. ओठांच्या कोपऱ्यांवर चामखिळीसारख्या खपल्या येऊन कोकरू दूध ओढत नसेल, तर मावा या विषाणुजन्य आजाराचा संशय घ्यावा. आईच्या सडांवरही तसेच फोड दिसतात. पावसात भिजलेल्या पाठीवर लोकरीचे झुपके चिकटून ब्रशसारख्या खपल्या उचलल्या जात असतील, तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो. जस्ताच्या कमतरतेनेही त्वचा जाड होऊन भेगाळते. यांपैकी एकाही विकारावर गोचिडांचे औषध चालत नाही. गजकर्ण, मावा व सार्कोप्टिसची खरूज माणसालाही होऊ शकते. पाहणीनंतर हात साबणाने धुवावेत व जखमा असल्यास हातमोजे घालावेत.

एकाच औषधाचा मोह

आयव्हरमेक्टिन हे मोलाचे औषध आहे. त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ते सर्व रोगांवरील औषध नाही. सोरोप्टिसच्या खरजेत एका इंजेक्शनाने काम भागत नाही. सात दिवसांनी दुसरे द्यावे लागते. गोचीड आयुष्याचा बराच काळ जनावरावर नसून जमिनीत व फटींत असतात, तेथे हे औषध पोहोचत नाही.

मात्रेची चूकही नेहमीची आहे. एक टक्का तीव्रतेच्या इंजेक्शनाची मात्रा ५० किलो वजनास १ मिली आहे. याचा अर्थ पाच किलोच्या कोकरास केवळ ०.१ मिली. पाच मिलीच्या सिरिंजने अंदाजे ‘थोडेसे’ दिले, तर कोकरास सहज कित्येक पट औषध जाते. वजन काट्यावर करावे, एक मिलीची सिरिंज वापरावी आणि अगदी लहान कोकरांबाबत पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नये. कत्तल व दूध यांसाठी लेबलावर दिलेला थांबण्याचा कालावधी पाळावा.

शेतात उरलेले पिकावरील कीटकनाशक कोकराच्या अंगावर कधीही लावू नये. कोकराची त्वचा पातळ असते आणि ते स्वतःला, आई त्याला चाटते. लाळ गळणे, थरथरणे, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावणे व धाप लागणे ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे होत; अशा वेळी औषधाची बाटली सोबत घेऊन तातडीने पशुवैद्यकांकडे जावे. गाडीचे जळके ऑइल लावण्याची प्रथाही सोडून द्यावी.

वाडा हाही रुग्णच

जनावरावरील उपचारासोबत वाड्याची स्वच्छता झालीच पाहिजे. लेंड्या व भुगा काढून दूर ढीग करावा, भिंतींच्या फटी बुजवाव्यात. जाळीचे कुंपण, म्हणजे वाघर, एकाच जागी ठेवणाऱ्या स्थलांतरित पशुपालकांनी ती जागा वारंवार बदलावी. सोरोप्टिस जनावराबाहेर साधारण दोन आठवडे जिवंत राहू शकतो; म्हणून उपचारित कळप त्या काळात जुन्या वाड्यात परत आणू नये. नवीन विकत घेतलेली जनावरे तीन आठवडे वेगळी ठेवावीत. शेतात बाहेरचे कळप बसविताना स्वतःची कोकरे त्या रात्री त्यांच्यात मिसळू देऊ नयेत.

तातडीने कोणाला कळवावे?

तापासह गाठी, तोंड व कानांची सूज, एकाच वेळी अनेक कोकरांचे आजारपण किंवा मृत्यू यांपैकी काहीही आढळल्यास उपचाराचे प्रयोग न करता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. देवी व नीलजिव्हा हे २००९ च्या प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यातील अनुसूचित रोग आहेत. त्यांची माहिती देणे पशुपालकाचे कर्तव्य ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी नोंदपत्रक

प्रत्येक गावभेटीत पुढील नोंदी कराव्यात : तारीख व हंगाम, कळपातील एकूण व बाधित कोकरे, त्यांचे वय व कानांचा रंग, खाज आहे किंवा नाही, कानाच्या चार भागांपैकी कोणता भाग बाधित, अंगावरील बाधित जागा, शरीराचे तापमान व डोळ्यांचा रंग, चराईतील वनस्पती, आधी दिलेली औषधे, मात्रा व तारीख, भिंगाखाली काय दिसले किंवा काहीच दिसले नाही.

या नोंदीत कानांच्या रंगाचा रकाना मी पूर्वी ठेवत नसे. त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नानंतर तो घातला आहे. कोकरे ज्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभर असतात, त्यांना विचारल्याशिवाय हे पत्रक पूर्ण झाले असे समजू नये.